डिस्क्रिप्टरचा ताबा आणि क्रम: एका ड्रायव्हरमधील मेमरी बॅरियरचे प्रकरण

अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसीतील एक छोटी कंपनी मोठ्या पंपांच्या आणि मोटारींच्या बेअरिंगची कंपने मोजणारे, पीसीआय एक्स्प्रेस या संगणकातील वेगवान दुव्यावर बसणारे कार्ड तयार करते. शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला कार्डावरील एफपीजीए (हवी तशी रचना भरता येणारी चिप) त्या फेऱ्यातील नमुन्यांचा एक ब्लॉक बांधतो आणि तो डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता, थेट संगणकाच्या मेमरीत लिहितो. लिनक्ससाठी लिहिलेला कंपनीचा ड्रायव्हर तो ब्लॉक वरच्या विश्लेषण प्रोग्रॅमला देतो. यंत्राचा वेग बदलला की ब्लॉकची लांबीही बदलते, ही बाब पुढे महत्त्वाची ठरली. अनेक वर्षे हे कार्ड इंटेल प्रोसेसरच्या औद्योगिक संगणकांत बसत होते. पुढे किंमत आणि उष्णता या दोन्हींचा विचार करून कंपनीने ६४ बिटांच्या आर्म प्रोसेसरचा, अनेक कोअरचा बोर्ड निवडला. ड्रायव्हर एकही ओळ न बदलता कंपाइल झाला, प्रयोगशाळेत चालला आणि ग्राहकाकडे गेला.

कुर्ल्याच्या एका कारखान्यात तो बसवल्यानंतर तक्रारी सुरू झाल्या. एखाद्या ब्लॉकची लांबी चुकीची यायची. क्वचित एका ब्लॉकच्या मध्यभागी दुसऱ्याच ब्लॉकचे नमुने घुसलेले दिसायचे. बेअरिंग खराब होत असल्याची सूचना ज्या वर्णपटावरून द्यायची, त्यात अशा एका तुटक जोडामुळे धक्क्यासारखा खोटा संकेत उमटतो, आणि त्यावर विसंबून कोणी चालू पंप बंद केला तर नुकसान खरे असते. म्हणून ही तक्रार ‘कधीतरी होते’ म्हणून बाजूला ठेवण्यासारखी नव्हती.

पहिला संशय हार्डवेअरवर गेला. जुलै महिना होता, कारखान्याच्या कॅबिनेटमध्ये दमटपणा होता, आणि मुंबईच्या पावसाळ्यात कनेक्टरवर संशय घेणे हे अनुभवाला धरूनच आहे. कार्ड बदलले, बोर्ड बदलला, तरी दोष राहिला. पण कार्ड बदलण्याआधीच संशय दूर करता येईल असा पुरावा नोंदींत होता. चुकीची आलेली प्रत्येक लांबी कार्ड आणि ड्रायव्हर यांच्यातील नोंदींच्या रिंगच्या (तिची रचना पुढे दिली आहे) मागच्या आवर्तनात त्याच जागी खरोखर येऊन गेलेली लांबी होती. विजेच्या गोंधळाने बिघडलेली माहिती इतकी अर्थपूर्ण नसते. शिवाय पीसीआय एक्स्प्रेसच्या दुव्यावर प्रत्येक पॅकेटसोबत सीआरसी (चूक पकडणारा तपासणी-अंक) असतो आणि तो जुळला नाही तर पॅकेट पुन्हा पाठवले जाते, त्यामुळे बिघडलेला मजकूर गुपचूप मेमरीपर्यंत पोहोचण्याची शक्यता फारच कमी. माहिती बिघडलेली नव्हती. ती शिळी होती. शिळी माहिती दिसली की पहिला प्रश्न क्रमाचा असला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

रिंगची रचना

ड्रायव्हर आणि कार्ड यांच्यात सामायिक मेमरीतील डिस्क्रिप्टरची, म्हणजे नमुने ठेवण्याच्या बफरांची माहिती देणाऱ्या छोट्या नोंदींची, एक रिंग आहे. प्रत्येक डिस्क्रिप्टरमध्ये बफरचा पत्ता, लांबी आणि स्थिती अशी तीन क्षेत्रे आहेत, आणि स्थितीचा सर्वांत वरचा बिट ताबा सांगतो: तो १ असेल तर डिस्क्रिप्टर कार्डाचा, ० असेल तर ड्रायव्हरचा. रिकामा बफर देताना ड्रायव्हर पत्ता लिहितो, ताब्याचा बिट १ करतो आणि शेवटी ‘काम आले’ असे कळवणाऱ्या, कार्डाच्या डोअरबेल रजिस्टरमध्ये लेखन करतो. कार्ड त्या पत्त्यावर नमुने भरते, प्रत्यक्ष लांबी लिहिते, ताब्याचा बिट ० करते आणि एमएसआय पद्धतीने, म्हणजे एका लेखनाद्वारे, इंटरप्ट (प्रोसेसरचे लक्ष वेधणारा संकेत) देते. मग ड्रायव्हर स्थिती वाचतो आणि बिट ० दिसला तर लांबी व नमुने वाचतो.

ताब्याच्या या बिटाला कुलुपाचे काम दिलेले आहे. कुलूप उघडे दिसले की आतले सामान जागेवर आहे असे समोरचा गृहीत धरतो. मुंबईत ताबापत्र हाती आल्यावर फ्लॅट बांधून तयार असेल असे घेणारा गृहीत धरतो, तसेच. हे गृहीतक खरे ठरण्यासाठी देणाऱ्याने सामान आधी आणि बिट नंतर लिहिला पाहिजे, आणि घेणाऱ्याने बिट आधी आणि सामान नंतर वाचले पाहिजे. दोन्ही बाजूंचा क्रम लागतो. एकाच बाजूने तो पाळून काहीही साध्य होत नाही.

मूळ कोडमध्ये हा क्रम फक्त ओळींच्या क्रमातून व्यक्त झाला होता. सी भाषेत साध्या चलांना दिलेल्या मूल्यांचा क्रम कंपायलर बदलू शकतो, आणि यंत्रसंकेतांचा क्रम कायम राहिला तरी प्रोसेसर तो इतरांना वेगळ्या क्रमाने दाखवू शकतो. एक्स८६ प्रोसेसर साध्या मेमरीतील दोन लेखनांचा आपापसातील क्रम बदलत नाहीत आणि दोन वाचनांचाही बदललेला दिसू देत नाहीत; त्यांच्यात फक्त आधीचे लेखन आणि नंतरचे वेगळ्या पत्त्यावरील वाचन यांची अदलाबदल होऊ शकते, कारण लेखन काही काळ स्टोअर बफरमध्ये थांबते. आर्मच्या रचनेत परस्परांवर अवलंबून नसलेल्या व्यवहारांना अशी कोणतीही हमी नाही. इंटेलवर ड्रायव्हर चालत होता तो प्रोसेसरच्या कडक नियमांमुळे आणि कंपायलरने योगायोगाने ओळींचा क्रम तसाच ठेवल्यामुळे. दोष बोर्ड बदलल्याने निर्माण झाला नाही. तो आधीपासून कोडमध्ये होता.

पहिली दुरुस्ती आणि तिला नकार

ज्या तरुण अभियंत्याकडे हे काम होते त्याने प्रथम संशयित जागी प्रिंट-केच्या (कर्नेलमधून नोंद छापणाऱ्या) ओळी टाकल्या, आणि दोष नाहीसा झाला. अशा दोषांत हे अनेकदा घडते: छापण्याच्या कामात वेळ जातो, त्या मार्गात कुलुपे आणि बॅरियर (मेमरीच्या व्यवहारांचा क्रम राखणाऱ्या सूचना) असतात, आणि जी अरुंद फट शोधायची तीच बुजून जाते. ओळी काढल्यावर दोष परत आला. मग त्याने रिंगला स्पर्श करणाऱ्या प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला आणि शेवटी डब्ल्यूएमबी हा लेखनांचा बॅरियर टाकला. तक्रारी बऱ्याच कमी झाल्या, आणि त्या स्वरूपात ही दुरुस्ती परीक्षणासाठी माझ्याकडे आली.

“मॅडम, बॅरियर टाकल्यापासून लोड टेस्ट रात्रभर चालते आहे,” असे त्याने सांगितले.

“कोणत्या दोन व्यवहारांच्या मध्ये हा बॅरियर आहे, आणि समोरच्या बाजूला त्याचा जोडीदार कुठे आहे, ते प्रत्येक ठिकाणी लिहून दाखव,” एवढेच मी विचारले. बहुतेक ठिकाणी या प्रश्नाला उत्तर नव्हते, म्हणून ती दुरुस्ती स्वीकारली नाही.

या नकारामागचे कारण सविस्तर सांगण्यासारखे आहे, कारण बॅरियरविषयीचा सर्वांत रूढ गैरसमज इथे दिसतो. बॅरियर म्हणजे मेमरी ‘साफ’ करणारी किंवा लेखन लगेच पोहोचवणारी सूचना आहे असे अनेकांना वाटते. तसे ते नाही. आपल्या आधीचे अमुक प्रकारचे व्यवहार आपल्या नंतरच्या अमुक प्रकारच्या व्यवहारांआधी घडलेले दिसतील, इतकेच बॅरियर सांगतो; ते केव्हा दिसतील याविषयी तो काही बोलत नाही. म्हणून ज्याच्या आधी आणि नंतर कोणते व्यवहार आहेत हे लिहिणाऱ्याला सांगता येत नाही तो बॅरियर एक तर निरुपयोगी आहे किंवा चुकून उपयोगी पडतो आहे. लिनक्स कर्नेलची चेकपॅच स्क्रिप्ट टिप्पणीशिवायच्या बॅरियरवर इशारा देते, तो केवळ शिस्तीचा आग्रह नाही.

त्या दुरुस्तीत खर्चाचाही प्रश्न होता. आर्म६४ वर डब्ल्यूएमबीमधून डीएसबी ही सूचना निघते, आणि आधीची लेखने पूर्ण होईपर्यंत प्रोसेसर तिथे थांबतो. डिव्हाइससोबत सामायिक मेमरीसाठी असलेल्या डीएमए-डब्ल्यूएमबीमधून त्याहून हलकी डीएमबी निघते, जी फक्त क्रम राखते. पण खर्च हा दुय्यम मुद्दा. मुख्य मुद्दा हा की डब्ल्यूएमबी लेखनांचा क्रम लावतो, तर लांबीची तक्रार वाचनांच्या क्रमातून आली होती. ती कमी झाली ती डीएसबीमुळे होणाऱ्या विलंबाने, योग्य क्रमाने नव्हे.

तीन जागा, तीन वेगळी उत्तरे

शिळ्या लांबीचे स्पष्टीकरण असे. ड्रायव्हर स्थिती वाचतो, ताब्याचा बिट तपासतो आणि मग लांबी वाचतो. मध्ये ‘जर’ची अट आहे, म्हणून लांबीचे वाचन तिच्या आधी होणारच नाही असे वाटणे स्वाभाविक आहे. पण अट कशी ठरेल याचा अंदाज बांधून प्रोसेसर पुढची वाचने आधीच करून ठेवतो. अटीवरचे अवलंबित्व वाचनानंतरच्या लेखनाला थोपवते, कारण अंदाजाने केलेले लेखन इतरांना दिसू देता येत नाही. वाचनानंतरच्या वाचनाला ते थोपवत नाही. त्यामुळे घटना अशी घडते: लांबी आधी वाचली जाते आणि ती मागच्या आवर्तनाची असते, तेवढ्यात कार्ड नवी लांबी लिहून बिट ० करते, मग स्थिती वाचली जाते, बिट ० दिसतो, अंदाज बरोबर ठरतो आणि आधीच वाचलेली शिळी लांबी ग्राह्य धरली जाते. याला उत्तर म्हणजे ताब्याची तपासणी आणि लांबीचे वाचन यांच्या मध्ये वाचनांचा क्रम राखणारा डीएमए-आरएमबी, आणि स्थितीचे वाचन रीड-वन्सने, म्हणजे कंपायलर ते दोनदा करणार नाही किंवा तोडणार नाही. नमुन्यांच्या वाचनालाही हाच बॅरियर लागू होतो. या बोर्डावर डीएमए कॅशशी सुसंगत असल्याने बफर सीपीयूच्या ताब्यात घेणारे सिंक फंक्शन प्रत्यक्षात काहीच करत नाही, आणि ते आपोआप क्रम लावेल ही आशाही व्यर्थ होती.

ब्लॉकच्या मध्ये दुसऱ्याचे नमुने येण्याचा दोष अधिक शिकवणारा आहे. तिथे अभियंत्याचा युक्तिवाद वरवर बिनतोड होता: डोअरबेलचे लेखन राइटएल या कर्नेलच्या रजिस्टर-लेखन फंक्शनने होते, राइटएल आपल्या आधीची मेमरीतील सर्व लेखने डिव्हाइसला आधी दिसतील अशी हमी देतो, आणि आर्म६४ वर त्यासाठी लागणारा बॅरियर त्याच्या आतच असतो. मग पत्ता आणि बिट हे दोन्ही डोअरबेलच्या आधी पोहोचणारच. हे सगळे खरे आहे. पण कार्ड डोअरबेलची वाट पाहत असेल तरच ते पुरेसे आहे. एफपीजीएची रचना उघडून पाहिली तेव्हा दिसले की डोअरबेल फक्त झोपलेल्या कार्डाला उठवण्यासाठी आहे. कार्ड कामात असेल तेव्हा ते एक डिस्क्रिप्टर संपवून लगेच पुढचा वाचते आणि बिट १ दिसला तर त्यातला पत्ता वापरते. आर्मवर बिटाचे लेखन पत्त्याच्या लेखनाआधी बाहेर दिसू शकते; त्या क्षणी कार्डाला नवा ताबा आणि जुना पत्ता मिळतो. जुना पत्ता म्हणजे जो बफर नुकताच विश्लेषण प्रोग्रॅमच्या हाती दिलेला आहे तो. प्रोग्रॅम वाचत असतानाच कार्ड त्याच्यावर लिहू लागते. म्हणून पत्त्याचे लेखन आणि बिटाचे लेखन यांच्या मध्ये डीएमए-डब्ल्यूएमबी हवा. हार्डवेअरचे वर्तन वाचल्याशिवाय बॅरियरची जागा ठरवता येत नाही, आणि केवळ ड्रायव्हरचा कोड पाहून हा दोष कोणालाही सापडला नसता.

हा बॅरियर बसल्यावर एक सूचना आली की आता डोअरबेलसाठी हलका राइटएल-रिलॅक्स्ड वापरावा, कारण ‘बॅरियर तर वर आहेच’. वरचा बॅरियर बिटाच्या आधी आहे. बिट आणि डोअरबेल यांच्या मध्ये त्यानंतर काहीच उरत नाही, आणि डोअरबेल आधी पोहोचली तर कार्ड उठेल, बिट ० पाहील आणि पुन्हा झोपेल. इथे दोन वेगवेगळे क्रम हवे आहेत, मजकुराआधी बिट नको आणि बिटाआधी डोअरबेल नको, आणि प्रत्येकाला आपापली हमी लागते. डोअरबेल राइटएलनेच राहिली.

याच टप्प्यावर एसएमपी-डब्ल्यूएमबी वापरण्याचाही विचार पुढे आला, कारण त्याचे नाव सर्वांच्या ओळखीचे आहे. तो सीपीयूंच्या आपापसातील क्रमासाठी आहे. आर्म६४ वर त्याची व्याप्ती सीपीयूंच्या आतल्या वर्तुळापुरती असते, डीएमए-डब्ल्यूएमबीची बाहेरच्या वर्तुळापर्यंत. आणि एकाच प्रोसेसरसाठी बांधलेल्या कर्नेलमध्ये एसएमपी-डब्ल्यूएमबी निव्वळ कंपायलरपुरता उरतो, जरी कार्ड तेव्हाही तितकेच स्वतंत्रपणे मेमरी वाचत असते. समोर कोण आहे यावर बॅरियरची निवड ठरते.

तिसरी जागा परीक्षणात अनपेक्षितपणे सापडली आणि ती इंटेलवरही चुकलेली होती. इंटरप्ट आल्यावर ड्रायव्हर कार्डाचे इंटरप्ट बंद करतो, रिंग रिकामी करतो, इंटरप्ट पुन्हा चालू करतो आणि तेवढ्यात काही आले का हे पाहण्यासाठी रिंग एकदा तपासून परततो. जुन्या यंत्रांवर संकलन क्वचित थांबायचे आणि एक वॉचडॉग टायमर ते परत सुरू करायचा. त्या टायमरमुळे मूळ कारणाचा शोध कोणी घेतलाच नव्हता. कारण असे की इंटरप्ट चालू करणारे रजिस्टर-लेखन पीसीआयमध्ये पोस्टेड असते: ते प्रोसेसरकडून निघाले तरी कार्डापर्यंत पोहोचायला वेळ लागतो आणि प्रोसेसर त्यासाठी थांबत नाही. लेखन वाटेत असताना ड्रायव्हर रिंग तपासतो, ती रिकामी दिसते, तो परततो. त्याच मधल्या काळात कार्ड ब्लॉक पूर्ण करते, पण त्याच्या दृष्टीने इंटरप्ट अजून बंदच असतात, आणि हे कार्ड हुकलेला इंटरप्ट लक्षात ठेवत नाही. पुढे कोणीच कोणाला उठवत नाही.

इथे एमबी हा सर्वांत कडक बॅरियरही पुरत नाही, कारण तो प्रोसेसरच्या व्यवहारांचा क्रम लावतो. मधल्या पुलात थांबलेले लेखन कार्डापर्यंत पोहोचले की नाही हे तो सांगत नाही. उत्तर आहे रजिस्टर परत वाचणे. त्याच कार्डाचे रजिस्टर रीडएलने वाचले की ते वाचन आधीच्या पोस्टेड लेखनाला मागे टाकू शकत नाही, त्यामुळे उत्तर आले याचा अर्थ इंटरप्ट चालू झाले आहेत. उलट दिशेने, त्या वाचनाचे उत्तरही कार्डाने त्याआधी मेमरीकडे पाठवलेल्या लेखनांना ओलांडून येत नाही. आणि रीडएलनंतरची मेमरीतील वाचने त्याच्या आधी होणार नाहीत ही हमी कर्नेल देतो. आता कार्डाने ब्लॉक इंटरप्ट चालू होण्याआधी पूर्ण केला असेल तर तो पुढच्या तपासणीत दिसेल, नंतर पूर्ण केला असेल तर इंटरप्ट येईल. तिसरी शक्यता उरत नाही. मला या प्रकरणातील हा भाग सर्वांत समाधान देणारा वाटतो, कारण इथे चाचणीवर विसंबावे लागत नाही. दोन वाक्यांत सिद्धता पूर्ण होते.

पडताळणी

लिनक्समध्ये ४.१७ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, मेमरी मॉडेलची औपचारिक मांडणी समाविष्ट आहे आणि हर्ड७ या साधनाने छोटे लिटमस (क्रमाची एखादी शक्यता पारखणारे) प्रोग्रॅम त्यावर तपासता येतात. हे मॉडेल डिव्हाइस आणि रजिस्टर-लेखने जाणत नाही. तरीही रिंगचा गाभा, एकाने मजकूर मग बिट लिहिणे आणि दुसऱ्याने बिट मग मजकूर वाचणे, दोन सीपीयूंचा खेळ म्हणून मांडता येतो. अभियंत्याने तो स्वतः लिहिला. कोणताही बॅरियर नसताना शिळा मजकूर दिसण्याविषयी हर्ड७ चे उत्तर ‘समटाइम्स’ आले, फक्त लिहिणाऱ्याच्या बाजूला बॅरियर ठेवला तरी ‘समटाइम्स’च, फक्त वाचणाऱ्याच्या बाजूला ठेवला तरी तेच, दोन्ही बाजूंना ठेवल्यावर ‘नेव्हर’. जोडीदाराविषयीचा माझा प्रश्न त्याला यानंतर पुन्हा विचारावा लागला नाही. कर्नेलमधील केसीसॅन हे साधन सीपीयूंमधील डेटा रेस शोधण्यात मोलाचे आहे, पण डीएमएने होणारी लेखने त्याला थेट दिसत नाहीत, म्हणून ते चालवून शांतता मिळाली तरी या दोषाबाबत काहीच सिद्ध होत नव्हते.

कार्डाच्या चाचणी अवस्थेत नमुन्यांऐवजी चढते अंक भरता येतात, आणि वेग सतत बदलत ठेवून लांबीही बदलता येते. ही चाचणी आता आर्मच्या बोर्डावर, छापण्याची एकही ओळ न ठेवता चालते. वॉचडॉग टायमर ठेवला आहे, पण तो काम करू लागला तर आता मोठ्याने नोंद करतो.

ड्रायव्हरमध्ये शेवटी एक डीएमए-आरएमबी, एक डीएमए-डब्ल्यूएमबी आणि एक परत-वाचन एवढेच उरले, आणि प्रत्येकावर त्याच्या आधीचा व्यवहार, नंतरचा व्यवहार आणि समोरचा जोडीदार यांची नावे लिहिलेली आहेत. डीएमए-आरएमबीचा जोडीदार मात्र ड्रायव्हरमध्ये नाही. तो एफपीजीएमध्ये आहे. कार्डाने नमुने व लांबी आधी आणि बिट नंतर लिहिला पाहिजे, आणि पीसीआय एक्स्प्रेसमध्ये पोस्टेड लेखने एकमेकांना ओलांडत नसल्याने तो क्रम मेमरीपर्यंत टिकतो, जोपर्यंत पॅकेटवर रिलॅक्स्ड ऑर्डरिंगचा बिट लावलेला नाही तोपर्यंत. नमुन्यांच्या पॅकेटवर तो लावला तर चालते, कारण साधे लेखन मागून येऊन त्यांना ओलांडू शकत नाही. ताब्याच्या बिटाच्या पॅकेटवर तो लावला तर ते नमुन्यांच्या पुढे जाऊ शकते आणि ड्रायव्हरमधील सर्व काळजी वाया जाते. एफपीजीए लिहिणाऱ्यांनी वेग वाढवण्यासाठी हा बिट नमुन्यांच्या पॅकेटवर आधीच लावलेला होता. ताब्याच्या आणि एमएसआयच्या पॅकेटवर तो लावलेला नाही हे त्यांच्या कोडमध्ये तपासून घेतले, आणि तो तसाच का राहिला पाहिजे याची टिप्पणी ड्रायव्हरमधील डीएमए-आरएमबीचा उल्लेख करून तिथेही लिहिली गेली.